सख्ख्या भावाची तपासणी

निघोजे, ८ जुलै २०२४

धनेशला अक्काचा आशीर्वाद. नमस्कार तू करायचास, तो दोन वर्षं राहिलाच आहे, असो.

पाकिटावर आमच्या दृष्टी केंद्राचा शिक्का मुद्दाम ठळक मारलाय. माझं अक्षर ओळखलं असतंस तर न फोडताच परत धाडलं असतंस. फोन करावा तर तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, आणि वर्षालीला लावला तर ती दर वेळी "कणीक मळतेय अक्का, नंतर बोलते" म्हणते. दोन वर्षं कोण कणीक मळतं रे? तिला बोलू नकोस, बिचारी तुझ्या धाकात आहे. म्हणून हे पोस्टाने, तुझ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसच्या पत्त्यावर.

सोबत एक छापील पत्र आहे, ते आधी वाच. मराठी जरा अंगावर येईल. मूळ मसुदा स्कॉटलंडहून आला आणि पुण्यातल्या कुणा विद्वानाने मराठीत केला, त्यामुळे 'आपणांस सदर विकाराचा वाढीव धोका संभवतो' असली वाक्यं आहेत. साध्या भाषेत सांगते. आपल्या घरात एकाला काचबिंदू निघालाय. हा रक्ताच्या नात्यात चालत येतो. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं. तपासणी फुकट, आमच्याच केंद्रात, तुझ्या पार्किंग यार्डापासून चालत येण्यासारखं आहे.

मी इथं कशी आले ते तुला ठाऊक नसेल. पिंपरीच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलने तिकडच्या एका विद्यापीठाशी करार केलाय. त्यांची यंत्रं, त्यांचा अभ्यास. डॉक्टर आणि पेशंट आपले. आपण संध्याकाळी डोळ्यांच्या आतले फोटो पाठवतो, तिकडे तेव्हा दुपार असते, त्यांचे डॉक्टर बघून मत कळवतात. त्यांना शोधायचंय ते एवढंच, की एकाला काचबिंदू निघाला तर त्याची भावंडं तपासायला येतात का, आणि येत नसतील तर कशाने येतील. ती भावंडं आणायचं काम माझ्याकडे आहे. बारावी झालेल्या बाईला यापेक्षा चांगली नोकरी रावेतपासून एका बसवर मिळाली नसती.

काचबिंदू म्हणजे मोतीबिंदू नव्हे. यात डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, काही कळत नाही. नजर कडेकडेने जाते, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र थेंबांवर टिकते.

तो निघालाय कुणाला, हे छापील पत्रात लिहीत नाहीत, गुप्ततेचा नियम आहे. तू अण्णांना समज, बापाकडूनही येतोच तो.

आता अण्णांचा विषय निघालाच आहे तर ऐक. शेवटच्या काळात ते दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, समोरून येणाऱ्याच्या अंगावर जायचे, आठवतंय? ते सगळं मी आमच्या डॉक्टर शुभदांना सांगितलं. त्या म्हणाल्या, आता नक्की सांगता येणार नाही, पण बहुधा काचबिंदूच, आणि नस मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीच सुकलेली असणार. म्हणजे मी त्यांना शिबिराला नेलं म्हणून त्यांची नजर गेली नाही. तेराव्याला भरल्या पंगतीत तू म्हणालास, "हिनंच कॅम्पात नेऊन अण्णांचे डोळे घालवले," आणि मी उष्ट्या हाताने उठून आले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू. हे मला तुला कधीतरी सांगायचंच होतं, ते आज शिक्क्यानिशी सांगितलं.

तपासायला ये. सोमवार ते शनिवार, दुपारी जेवणाची सुट्टी सोडून.

दीपमाला अक्का


निघोजे, २ सप्टेंबर २०२४

धनेश,

प्रकल्पाचा नियम असा की एक पत्र आणि एक आठवण. ही आठवण.

तुझा निरोप पोचला. सयाजी आला होता, जवळच्या चष्म्यासाठी. आमच्याकडे सगळेच येतात, तसा तोही आला. मी त्याला प्रथमच बघितलं; तुझ्या ट्रेलरवर इतकी वर्षं डाव्या सीटवर बसणारा माणूस म्हणजे कुणी आडदांड असेल असं वाटलं होतं, तर हा पांढऱ्या मिशांचा, दबक्या आवाजाचा निघाला. माझ्या गळ्यातलं नाव वाचून म्हणाला, "तुमीच व्हय धनेश ड्रायवरच्या अक्का? त्यानं सांगितलंय तुमास्नी." मग चप्पल बाहेर काढून, हात बांधून, त्याने तुझा निरोप तुझ्याच शब्दांत सांगितला: माझे डोळे सहा बाय सहा आहेत. अक्कानं आधी अण्णांचे परत आणावेत, मग माझे बघावेत.

असली भाषा दुसऱ्याच्या तोंडून पाठवताना तुला काही वाटलं नाही का रे? तो बिचारा सांगताना घामाघूम झाला. मी त्याला चहा पाजला आणि चष्मा दिला. त्याच्यावर राग नाही.

सहा बाय सहाचं तेवढं ऐक. तुमच्या यार्डात रस्ता सुरक्षा सप्ताहात डोळे तपासतात ते मी स्वतः बघून आलेय. ड्रायव्हर रांगेत उभे, पुढचा तक्ता मोठ्याने वाचतो, मागच्याचा तो पाठ होतो, आणि सगळे दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचतात. एकानेही एक डोळा झाकलेला मी पाहिला नाही. मागच्या खेपेला तक्ता भिंतीवर उलटा लावला असता तरी तुम्ही सगळे पास झाला असतात. शिवाय तक्ता म्हणजे मधली नजर. काचबिंदूवाल्याची मधली नजर चांगलीच असते, हे मी मागे लिहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहिते. अण्णांना समज असं म्हटलं, ते खरं नाही. काचबिंदू मला निघालाय.

फेब्रुवारीत ते कडेची नजर मोजायचं यंत्र आलं, त्याच्याबरोबर तिकडच्या डॉक्टर मोइरा आल्या. उंच, पाठीला पोक, जेवायला बसल्या की ठेचा मागणाऱ्या. यंत्र शिकवायचं तर पेशंट हवा, म्हणून आम्ही बायकाच एकमेकींच्या पेशंट झालो. माझी पाळी आली. मला वाटलं, झकास जमलं. बाहेर येऊन बघते तर बाकीच्या हसायच्या थांबलेल्या, आणि मोइरा मॅडम कागद घेऊन डॉक्टर शुभदांशी हळू बोलताहेत. दोन्ही डोळ्यांची वरची कड गेलीय माझी. थोडीच. रात्री थेंब घालते, दाब खाली आलाय, वाचेन.

तुला सांगितलं नाही कारण तू म्हणाला असतास, देवानं शिक्षा केली. म्हण. पण माझ्या डोळ्यात आहे म्हणजे तुझ्या डोळ्यात असू शकतं, आणि तू साठ फुटी गाडी चालवतोस. माझं काय, मी बसने जाते.

अक्का


रावेत, २० नोव्हेंबर २०२४

धनेश,

काल मंगळवारच्या बैठकीत तुला बंद केलं.

म्हणजे असं. महिन्यातून एकदा पडद्यावर ते तिकडून आणि आम्ही इकडून बसतो. प्रत्येक घराला आकडा असतो, नाव नसतं. मोइरा मॅडम एकेक आकडा वाचतात, मी सांगायचं, आले की नाही. आपल्या घराचा आकडा आला. त्या म्हणाल्या, एक पत्र गेलं, आठवण गेली, अडीच महिने उत्तर नाही, तेव्हा हे घर बंद करा. जास्त मागे लागणं म्हणजे जबरदस्ती, तसं करायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि नियम चांगलाच आहे, एरवी मीच नव्या मुलींना समजावते. डॉक्टर शुभदांना माहीत होतं ते घर कुणाचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी 'बंद' असं टाइप केलं.

बैठकीत माझं कौतुकही झालं. तिकडच्यांना आश्चर्य वाटतं की निघोज्याची भावंडं इतकी येतात कशी. मी त्यांना सांगितलं की पत्राने कुणी येत नाही. भावाला आणायचं तर भावजयीला गाठायचं, बहिणीला आणायचं तर तिच्या सासूला सांगायचं की सुनेचे डोळे गेले तर घरात तुम्हाला करावं लागेल. हे ते आता त्यांच्या शोधनिबंधात लिहिणार आहेत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लोकांचे भाऊ नाशिकहून आणले मी, आणि माझा एक भाऊ म्हाळुंग्याहून येत नाही.

तर प्रकल्पाची पत्रं संपली. हे माझं, शिक्का न मारलेलं. फोडलंस तर उपकार.

मी इतके दिवस विचार केला. पहिल्या पत्रात मी तुला तपासायला बोलवत होते की माझं खरं करत होते, ते मला आता सांगता येत नाही. दोन्ही असेल. म्हणून आता माझं खरं मी सोडून देते. अण्णांचे डोळे माझ्यामुळे गेले असं तुला म्हणायचंय ना? म्हण. भाऊबंदांत म्हण, गावी जाऊन पारावर म्हण, मी मान हलवेन. त्यांना शिबिराला नेण्याचा हट्ट माझाच होता, तू नको म्हणत होतास, हे तर खरंच आहे. डॉक्टर काय म्हणतात ते मी पुन्हा काढणार नाही. त्याच्या बदल्यात एकदा येऊन त्या यंत्रासमोर बस. मी समोर नको असेन तर मी त्या दिवशी रजा घेते, दुसरी कुणी तपासेल.

तुझ्या गाडीचा प्रश्न मला कळतो. तुला वाटत असेल, काही निघालं की लायसन गेलं. केंद्र कुणाला कळवत नाही. निकाल तुझ्या हातात देतात, बाकी कुणाच्या नाही. मोइरा मॅडम सांगत होत्या की त्यांच्याकडे असं काही निघालं तर ड्रायव्हरने स्वतःच सरकारला कळवायचं असतं, आणि बहुतेक लोक कळवतात. मी हसले. मग मला वाटलं, हसण्यासारखं काय होतं त्यात.

ये रे. मला तुझी काळजी वाटते. हे एवढं एक वाक्य लिहायला तीन पत्रं गेली.

अक्का


निघोजे, १८ जानेवारी २०२५

धनेश,

आज सयाजी पुन्हा आला होता. चष्म्याची काडी सैल झाली म्हणाला. काडी ठीक होती. नुसता बसून राहिला, शेवटचा पेशंट जाईपर्यंत. मग बोलला. त्याच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुला कळेल की मी मीठमसाला लावलेला नाही.

"ताई, तुमचा भाऊ ड्रायवर म्हून लई भारी हाय. तसा हात म्या कुणाचा बघितला न्हाई. पन डाव्या अंगाचं त्याला कायबी दिसत न्हाई. दोन सालं झाली. म्या दारावर थाप मारतो. येक थाप म्हंजी थांब, दोन थापा म्हंजी जाऊ दे, थापावर थापा म्हंजी बिरेक मार. तेवढ्यावर गाडी चालतीया. पयल्यांदा त्यो म्हनायचा, आरसा हलतोय. मंग म्हनायचा, मोटरसायकलवालेच आंधळे हायती. आता कायच म्हनत न्हाई."

मी विचारलं, मग आज का सांगताय? तर म्हणाला, सोमवारी निघोज्याच्या चौकात फर्स्ट शिफ्ट सुटलेली. कंपनीतल्या बाया रस्ता ओलांडत होत्या. "थापा मारून मारून माजा हात सुजला, ताई. गाडी हुबी ऱ्हायली, पन येका बाईची पिशवी चाकाखाली ग्येली. बाई वाचली. डबा पार चपाट. धनेश खाली उतरला, त्यो डबा हातात घिऊन फूटबोर्डावर बसला. लई येळ उठलाच न्हाई. मंग मला म्हनला, सयाजीभाऊ, कुनाला बोलू नगा."

म्हणजे तुला माहीत आहे. मी जुलैपासून तुला समजावतेय, दाखले देतेय, तक्ता उलटा लावायच्या गोष्टी करतेय, आणि तुला सगळं आधीच माहीत आहे. तुला माझा राग नव्हताच, निदान इतका तरी नव्हता. राग हा तुझा आडोसा होता. मला इतकी चीड आली की हातातला थेंबांचा खोका मी टेबलावर आपटला, सयाजी दचकून उभा राहिला.

धनेश, तू घाबरलायस. मीही घाबरले होते. यंत्रातून बाहेर आले त्या दिवशी मी बसमध्ये एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून खिडकीबाहेर बघत होते, आणि शेजारची बाई मला वेडी समजून उठून गेली. घाबरण्याची लाज नाही. पण त्या चौकातून रोज आमच्या केंद्रातल्या मुली जातात, कंपनीच्या बाया जातात, माझी बसही तिथंच थांबते.

सयाजी हा महिना संपला की काम सोडतोय. त्याच्या मुलाने चाकण रस्त्याला वडापावची गाडी टाकलीय, तिथं बसणार आहे. तुझ्या डाव्या बाजूला नवा कुणीतरी येईल, त्याला यातलं काही माहीत नसेल. तो मोबाइल बघत बसेल. तेव्हा स्पष्ट लिहिते, मागून म्हणशील सांगितलं नाहीस. सयाजी आहे तोवर तू तपासायला आला नाहीस, तर मी प्रभाकरशेठकडे जाईन. गाडी त्यांची आहे, त्यांना कळायला हवं.

ही धमकी आहे. हो. आधी विनवणी करून पाहिली.

अक्का


रावेत, ४ फेब्रुवारी २०२५

धनेश,

तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत लिहायचं होतं, पण पोस्टापेक्षा यार्डातली माणसं वेगवान. कळलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सयाजी अजून कामावर असताना, मी गेले होते. डॉक्टर शुभदांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, तपासणीच झालेली नाही तर केंद्राचं गुपित असं काही नाही, पण केंद्राच्या नावाने जाऊ नका, बहीण म्हणून जा. म्हणून रजा टाकली, गळ्यातलं ओळखपत्र घरी ठेवलं आणि साडी नेसून गेले, का कोण जाणे. शेठ कॅबिनमध्ये होते. मी सांगितलं की माझ्या भावाला डाव्या बाजूचं दिसत नाही, तपासून होईपर्यंत त्याला गाडी देऊ नका. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "ताई, अठरा वर्षांत धनेशनं माझ्या एका गाडीला मोठा डाग लागू दिला नाही. तुमचं घरगुती काही असेल तर ते घरी मिटवा. माझ्या ऑफिसात नको."

मी म्हणाले, सयाजीला बोलवा. सयाजी आला. शेठने विचारलं, "काय रे, ही बाई म्हणते ते खरं का?" सयाजी काही बोलला नाही. खाली बघत उभा राहिला. शेठने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तो तसाच. शेवटी शेठ स्वतःच खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "अरे देवा."

सयाजीवर राग धरू नकोस. त्याने तुझ्याविरुद्ध एक शब्द उच्चारला नाही. तुझ्या बाजूने खोटं बोलणं तेवढं त्याला जमलं नाही. बाहेर येऊन तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडला, मी पाहिलं.

चावी काढून घ्यायला शेठ स्वतः यार्डात गेले, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, हे मला नंतर कळलं. तू चावी त्यांच्या हातात न देता बॉनेटवर ठेवलीस, हेही कळलं. निकाल चांगला आला तर चावी परत, असं ते म्हणालेत.

आता हिशेब सरळ झाला. अण्णांचे डोळे मी घालवले नाहीत. मागच्या पत्रात मान हलवेन म्हणाले होते, ते शब्द मागे घेते, कारण आता त्यांची गरज उरली नाही. तुझी गाडी मात्र मी घालवली. ठरवून, साडी नेसून, दिवसाढवळ्या. हे तू कुणालाही सांग, मी नाकारणार नाही आणि माफीही मागणार नाही. त्या चौकात उभी राहिले की मला बरं वाटतं. घरी आले की वाटत नाही. रात्री ह्यांनी विचारलं, जेवणार नाहीस का, तर मी त्यांच्यावरच खेकसले.

गुरुवारी मी यंत्रावर आहे. शिव्या द्यायला ये. बसून दे.

अक्का


निघोजे, ३ मार्च २०२५

धनेश,

आलास, बरं झालं. माझा नंबर तू अजून ब्लॉकच ठेवलायस, म्हणून हेही पोस्टानेच.

आधी कामाचं. हिरव्या झाकणाची बाटली रात्री, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. थेंब घालून काही फरक वाटणार नाही. फरक वाटू नये म्हणूनच ते घालायचे. वर्षालीला मी दाखवून ठेवलंय. ती आता माझा फोन उचलते, कणीक वगैरे काही नाही.

तुझे फोटो तिकडे गेले होते. त्यांचं मत आणि डॉक्टर शुभदांचं मत एकच आहे, तुला सांगितलं तेच. उजव्या डोळ्याची कड थोडी गेलीय, बाकी शाबूत आहे, आणि थेंब नीट घातले तर तो तुला म्हातारपणापर्यंत पुरेल. डाव्यात फार काही उरलेलं नाही. मोठी गाडी पुन्हा नाही. मंगळवारच्या बैठकीत मी मोइरा मॅडमना सांगितलं की बंद केलेलं एक घर उघडायचंय. त्यांनी विचारलं, ते आले कसे, कशाचा उपयोग झाला? मी म्हणाले, कशाचाच नाही, त्यांची चावी काढून घेतली. मग घर कुणाचं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या की हे शोधनिबंधात लिहिणार नाहीत.

आता मुख्य. काल वर्षालीचा फोन आला. तू प्रभाकरशेठकडे जाऊन सांगितलंस की डाव्या डोळ्याच्या वेळी यंत्र बंद पडलं होतं, तो निकाल खोटा आहे, दुसरीकडे तपासून आणतो, तोवर चावी द्या. आणि म्हणालास, पाहिजे तर अक्काला विचारा, ती स्वतः यंत्रावर होती, तिनंच मला तसं सांगितलं.

सांगितलं होतं. बाहेर पडताना तू चपला घालत विचारलंस, "मधीच बंद पडली होती का गं ती मशिन?" दोन वर्षांनी तू माझ्याशी सरळ बोलत होतास. वर्षाली पलीकडे पदर तोंडाला लावून उभी होती. माझ्याने राहवलं नाही, मी म्हणाले, "हो, जरा अडकली होती." डॉक्टरांनी तुला आत सगळं सांगितलेलंच होतं, तेव्हा माझ्या एका वाक्याने काय बिघडतं असं वाटलं. बिघडलं. शेठचा मला फोन येणार आहे, आणि मी त्यांना खरं सांगणार आहे. त्याआधी तुला.

तू यंत्राच्या त्या बाजूला होतास, वाटीत तोंड घालून. मी या बाजूला, पडद्यासमोर. तुला दिसत नाही ते मला दिसत असतं, यंत्रच तसं आहे. उजव्या डोळ्याला उजेडाची ठिणगी दिसली की तू छान दाबत होतास बटण, टकाटक, ड्रायव्हरचा अंगठा. कडेच्या चार-सहा सुटल्या. मग मी उजव्यावर पट्टी लावली, तुझी हनुवटी टेकवली, नेहमीची सूचना दिली की समोर बघत राहा, ठिणगी दिसली की दाब, आणि सुरू केलं.

तू मान ताठ धरून बसलास. खोलीत अंधार. अंगठा बटणावर तयार. माझ्या पडद्यावर एक ठिणगी उमटली, विझली. वरच्या अंगाला एक. डावीकडे एक, मोठी, सगळ्यात प्रखर असते ती. खाली एक. तू हललाही नाहीस. इतका शहाण्यासारखा बसला होतास, लहानपणी अण्णा केस कापायला बसवायचे तेव्हा बसायचास तसा. मला वाटलं, आता दाबेल, आता दाबेल.

मग तू म्हणालास, "अक्का, चालू कर की."

मी म्हणाले, "करते रे, दम धर."

ते केव्हाचं चालू होतं, धनेश.

तुझी अक्का